कुजबुजीचा नंबर

शून्य, एक, दोन, तीन, चार… आणि मधल्या बारीक रेघा, अर्ध्याअर्ध्याच्या, ज्यांत साठलेला काळपट मळ त्याने अंगठ्याच्या नखाने खरवडून पाहिला, तेव्हा मळ निघाला तर नाहीच, वर नखात जाऊन बसला. तळहातावर ती चकती एवढीशी दिसत होती. डॅशबोर्डवर असताना चांगली मोठी वाटायची, कारण तिच्यावर सतत कुणाची तरी बोटं असायची — कुणाची तरी कशाला, बायकोचीच. डाव्या हाताची तीन बोटं. गिअर टाकून झाला की तो हात स्टिअरिंगवर परत जायच्या आधी सवयीने या चकतीशी थांबायचा, एक खटका पुढे किंवा एक खटका मागे, न बघता.

चकती मुळात व्हॅनची नव्हतीच. व्हॅनची कधीच तुटून गेली होती, आणि तिच्या जागी त्याने बसवली होती शिलाई मशीनची, टाक्याची लांबी ठरवायची चकती. आता हीटरच्या पंख्याला टाक्याची चकती कोण लावतं? पण बत्तीस वर्षं शिलाई मशीनंच दुरुस्त करत हिंडलेल्या माणसाच्या खोक्यात दुसरं निघणार तरी काय! कारखानेवाले, शिंपी, घरोघरच्या मावश्या — सगळे त्याला मिस्त्री म्हणत. चिडली की तीही मिस्त्रीच म्हणायची. त्याने दांडा कानशीने जरासा घासला, चकती दाबून बसवली, आणि गंमत म्हणजे आकडेसुद्धा नेमके जुळले: शून्याला बंद, चारला पूर्ण जोर. स्वतःवर केवढा खूश झाला होता तो तेव्हा. तिने पाहिलं, मान तिरकी केली आणि म्हणाली, "वा! म्हणजे आता वाऱ्याला टीप घालायची म्हणा की."

मग तिने आकड्यांना नावं ठेवली — म्हणजे नावं ठेवायची तिची सवय होतीच, पण ही खरोखरीची नावं. एक म्हणजे कुजबूज. दोन म्हणजे गप्पा. तीन म्हणजे वादावादी. आणि चार म्हणजे आत्या. आत्या त्याची, सख्खी. एकदाच या व्हॅनमध्ये बसली होती, दोन तासांच्या रस्त्याला, आणि तिच्या आवाजाने काचा थरथरत होत्या असं ही शपथेवर सांगायची. आत्याला जाऊनही बरीच वर्षं झाली, पण डॅशबोर्डात तिने मुक्काम ठोकला तो ठोकलाच. 'अहो, आत्याला जरा आवरा' म्हटलं की तो चकती मागे फिरवायचा. गाडी ती चालवायची. त्याला चालवता येत नव्हती असं नाही, पण वळणावर तो श्वास रोखून धरायचा, आणि दोन वळणं लागोपाठ आली की काय होणार या काळजीने तिने लग्नाच्या तिसऱ्या वर्षी स्टिअरिंग ताब्यात घेतलं ते घेतलंच. ती चालवणार, तो शेजारी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसणार. लोक हसायचे. हसू देत.

सहा वर्षांपूर्वी, एकाच थंडीत, आधी कुजबूज बंद पडली, मग गप्पा, मग वादावादी. उरली एकटी आत्या. हवी तर पूर्ण आत्या, नाहीतर सुनसान.

"अहो, हे जरा बघा ना," ती म्हणाली होती.

"बघतो," तो म्हणाला होता.

आता हा 'बघतो'… या शब्दाचं काय करावं माणसाने! तो खोटं बोलत नसे. 'बघतो' म्हणताना त्याला खरंच बघायचं असे. परसातला गळका नळ, कपाटाचं चरचरणारं दार, तिच्या चष्म्याची सैल झालेली दांडी — प्रत्येक वेळी त्याने मनापासून बघतो म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर मनातलं ओझं असं काही उतरे, की काम झालंच! परक्यांच्या मशीनसाठी तो जेवण टाकून उठायचा. घरचं सगळं 'बघतो'च्या कपाटात, घडी घालून. ती म्हणायची, "तुमच्या बघतोला पाय फुटत नाहीत." आणि हसायची. पाच वर्षं आत्याच्या आवाजात ओरडून बोलत, हसत, तिने गाडी चालवली.

आणि आज सकाळी…

आज सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून — म्हणजे उजव्याने धरून आणि डावा नुसता टेकवून — ती म्हणाली, "आज चारला जरा बाहेर पडू या का?" तिने हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की त्याला कळायला वेळ लागला. अकरा महिने. अकरा महिन्यांत दवाखान्याखेरीज ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती, आणि तिथेसुद्धा दवाखान्याच्याच गाडीतून. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून डावं अंग तिला आपलं वाटेना. पाय हळूहळू वळणावर आला, हात मात्र थंड पडलेला, बधिर. थंडी तिला आतून वाजे. आणि आवाज सोसत नव्हते: मिक्सर लागला, कुणी दार आपटलं की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची, कुणीतरी डोक्यात खिळा ठोकतंय अशी. मुलगी फोनवरून रोज सांगायची, आई, जरा बाहेर जा, वारं लागू दे. आणि ती म्हणायची, वारंच तर नको आहे.

"जाऊ या की," तो म्हणाला होता. "कुठे जायचं?"

"कुठे नाही. व्हॅनमध्ये." मग शब्द शोधत जराशी थांबली, शब्द आता तिला सावकाश सापडत. "पण ऊब हवी. आणि… आत्या नको हं."

बघतो, असं त्याच्या जिभेवर आलं. आलंच. त्याने ते चहाबरोबर गिळलं, उठला, पेचकस घेतला आणि अंगणात आला. तेव्हा साडेनऊ झाले होते.

चकती निघाली. मागची पट्टी दोन स्क्रूंवर होती, तीही निघाली. पट्टीमागे डॅशबोर्डाचं पोट उघडं पडलं — वायरींचे झुबके, धूळ, एक टाचणी, आणि कधीतरी फटीतून आत घसरलेलं एक बॉबिन, निळ्या दोऱ्याचं. निळा दोरा… कुठल्या कारखान्याचा हा निळा? गणवेश शिवणारे ते दोघे भाऊ? त्याने बॉबिन खिशात टाकलं. मशीनचं पोट त्याला बघताक्षणी कळतं; कुठला दात कुठल्या दाताला कधी भेटतो हे बोटांना पाठ असतं. हे पोट परकं होतं. म्हणून त्याने फ्यूजला हाक मारली.

फ्यूज हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पलीकडच्या घरात राहतो, वायरिंगची कामं करतो आणि चटकन उडतो, म्हणून फ्यूज. तो आला तो हातात काहीतरी नाचवतच.

"मिस्त्री, सहा वर्षं सांगतोय, रेझिस्टर गेलाय, रेझिस्टर गेलाय! हा घ्या. भंगारातल्या एका व्हॅनचा काढून ठेवला होता तुमच्यासाठी. तुमच्याच गाडीचा चुलतभाऊ समजा."

छोटीशी पाटी, तिच्यावर तारेची वेटोळी. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"हे करतं काय?"

"अडवतं," फ्यूज म्हणाला. "वीज सरळ धावत आली की पंखा सुसाट. तिच्या वाटेत ही वेटोळी आडवी घातली की ती दमते, पंखा हळू होतो. एक नंबरला सगळी वेटोळी आडवी. चार नंबरला वाटेत कुणी म्हणजे कुणी नाही. म्हणून तर तुमची आत्या ठणठणीत."

रेझिस्टर बसतो समोरच्या कप्प्याच्या मागे, म्हणून कप्पा रिकामा करायला हवा होता. कप्पा तिचा होता. त्याने आजवर त्यात हात घातला नव्हता; ती 'जरा चष्मा द्या' म्हणाली तरी तो कप्पा उघडून तिच्यापुढे धरायचा. आता एकेक वस्तू काढून त्याने सीटवर ओळीने मांडली: गडद काचांचा चष्मा. खोकल्याच्या गोळ्यांची डबी, दोनच गोळ्या उरलेली. टोकाला रबर असलेली पेन्सिल, शब्दकोड्याचे कागद, एक अर्धवट सुटलेलं. आणि तिचे गाडी चालवायचे हातमोजे. उजवा बरा होता. डाव्याचा तळवा गिअरवर घासून घासून इतका पातळ झाला होता, की धरला तर पलीकडचं दिसत होतं.

…तो हात. तोच हात.

त्या दिवशी शेवटचं काम पाटलोणी शिवणाऱ्या कारखान्यात होतं, तळघरात. मशीन धागा तोडत होतं, आणि त्याने खालचा, धागा पकडणारा हूक उघडला होता. सुई खालून वर निघताना हुकाचं टोक तिच्या खाचेत नेमकं यायला हवं, केसभर इकडे नाही की केसभर तिकडे नाही, आणि ते येत नव्हतं. चार स्क्रू त्याच्या ओठांत धरलेले. ती जिना उतरून खाली आली. सहसा यायची नाही, गाडीतच कोडी सोडवत बसायची. आली, त्याच्या खांद्यामागे उभी राहिली, डावा हात उजव्या हातात धरून. "अहो, हा हात जरा बघा," ती म्हणाली. "मुंग्या आल्यासारखं होतंय सकाळपासून." आणि मी… मान वर न करता, ओठांतल्या स्क्रूंमधून, मी म्हणालो, बघतो. मीच म्हणालो. म्हटल्याबरोबर ओझं उतरलं. हूक जुळला. त्या हुकाचं टोक, त्यावरचा बारीक ओरखडा, तळघरातला दिवा — सगळं आजही त्याच्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं आहे, आणि ती जिना चढून परत कधी गेली ते आठवत नाही. परतताना ती एका हाताने गाडी चालवत होती. त्याला वाटलं होतं, ऐटीत आहे आज. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातातून कप पडला, आणि ती पडलेल्या कपाकडे बघतच राहिली.

मग तो डॉक्टर, तरुण, भला. त्याने विचारलं, "आदल्या दिवशी काही जाणवलं होतं का? हाताला मुंग्या वगैरे?" खाटेवरून तिने आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग याच्याकडे. किती वेळ? क्षणभर असेल. आणि मग जड जिभेने म्हणाली, "आठवत… नाही." डॉक्टरने मान डोलावली, असं होतं म्हणाला, अशा आजारात मागचेपुढचे काही दिवस पुसले जातात. याला सुटल्यासारखं वाटलं. आणि ते तसं वाटलं म्हणून त्याला स्वतःची जी शिसारी आली, ती अकरा महिने गेली नाही. तळघरातला तो 'बघतो' आता जगात त्याच्या एकट्याजवळ होता. की नव्हता? पुसलं गेलं होतं, की तिने पुसलं होतं? रोज तिचा डावा हात कोमट पाण्यात धरून बोटं एकेक उलगडताना तो तिच्या तोंडाकडे बघायचा, आणि तिच्या तोंडावरून काही कळायचं नाही.

"मिस्त्री! झोपलात का? धरा ही वायर!"

रेझिस्टर बसला, चकती तात्पुरती दांड्यावर चढली. फ्यूजने किल्ली फिरवली. एक: काही नाही. दोन: काही नाही. तीन: काही नाही. चार — आणि आत्या अशी काही कडाडली, की स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेल्या तिने बंद काचेआड उजवा कान झाकून घेतला. दुसऱ्या कानाला हात नव्हता. त्याने झडप घालून चकती शून्यावर आणली.

फ्यूज उडाला. रेझिस्टरला बोलला, गाडी बनवणाऱ्यांना बोलला, भंगारवाल्याच्या खानदानाला बोलला. "जेवून येतो," म्हणाला. "तोवर हात लावू नका कशाला!" आणि पेचकस सीटवर आपटून चालता झाला.

काचेवर अंगठीची टकटक झाली. म्हणजे जेवायला या.

आत गेला तो दारातच थांबला. तिने कोट घातला होता. तपकिरी, मोठ्या बटणांचा, बाहेर जायचा. चारला निघायचं तर एक वाजताच. एका हाताने बटणं लावली होती, एक खाच चुकली होती, त्यामुळे कोटाची एक बाजू वर आणि एक खाली. केस विंचरलेले. किती वेळ लागला असेल तिला याला! आपण हीटरची वेटोळी मोजत होतो तेव्हा ही इथे एकेक बटण… बटणाला हात लावायची छाती झाली नाही. 'माझं मी करीन' हे तिने गेल्या महिन्यातच बजावलं होतं.

"काय म्हणतेय गाडी?" तिने विचारलं.

"रेझिस्टर नव्हता गेलेला."

"मग?"

घास तोंडात असल्याचा त्याला आधार झाला. तो पुरता चावून होईतो तिने वाट पाहिली. "चारपर्यंत होईल," तो म्हणाला, आणि हे आपण कशाच्या जोरावर म्हणालो याची त्यालाच भीती वाटली.

"घाई नाही हो," ती म्हणाली. कोट घालून बसलेली बाई म्हणाली, घाई नाही.

हात लावू नका म्हटलं होतं, पण तो लावलाच. रेझिस्टर ठीक, पंखा ठीक, वायरींतून वीज येते हे मीटरवर दिसत होतं. राहिला तो चकतीमागचा स्विच, बोटभर रुंदीची काळी डबी. तिला स्क्रू नव्हते, चार पकडी होत्या. त्याने बारीक पेचकसाने एकेक पकड उचलली, ओठ घट्ट मिटून, सुईचा दांडा सोडवताना उचलतो तसं; तिसरी तुटणार असं वाटलं, तुटली नाही. डबी उघडली. आत तांब्याच्या चार पट्ट्या. चौथी वापरून वापरून लखलखीत. पहिल्या तिन्हींवर काळा चिकट थर, जळकट, घट्ट झालेला. त्याने बोटाला लावून वास घेतला.

वास घेतला, आणि तो सीटवर मागे टेकला. हा वास त्याला झोपेत ओळखू आला असता. त्याच्या शर्टांना, पेटीला, उशीलासुद्धा हाच वास होता. मशीनचं तेल.

…"अहो, ही चकती फिरवायला फार जड जाते." हिवाळ्याच्या सुरुवातीला. आणि त्या एका वेळी, आयुष्यात बहुधा त्या एकाच वेळी, तो बघतो म्हणाला नव्हता. तिथल्या तिथे उठला, पेटीतून तेलाची कुपी काढली, चकतीच्या फटीत तिची चोच घातली आणि एक थेंब सोडला. मग प्रेमाने आणखी एक. कुरकुरलं की तेल, अडलं की तेल, जड गेलं की तेल. हेच बत्तीस वर्षं केलेलं. चकती लोण्यासारखी फिरू लागली. ती म्हणाली, "बघा बरं, लगेच केलंत तर कसं झालं!" त्या थेंबांनी धूळ धरली, धुळीची राळ झाली, राळ जळली, आणि कुजबूज गेली, गप्पा गेल्या, वादावादी गेली. सहा वर्षं रेझिस्टरच्या नावाने खडे फोडले. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण… म्हणजे लगेच उठलो तरी हेच? आणि नाही उठलो तरी…? त्या दिवशी हूक टाकून उठलो असतो, हात हातात घेतला असता, आणि मला कळलं तरी काय असतं? थेंबभर तेल लावलं असतं मी, दुसरं काय! पण ही पळवाट आहे हेही त्याला कळत होतं. हातात घेतला तर असता.

स्पिरिटने त्याने पट्ट्या पुसल्या. थर सुटेना तेव्हा कप्प्यातली तिची पेन्सिल घेतली आणि तिच्या टोकाच्या रबराने पहिली पट्टी घासू लागला, हळूहळू, चूक खोडावी तसा. तांबं वर आलं. मग दुसरी. मग तिसरी.

कुंपणावरून फ्यूजचं डोकं डोकावलं. "काय होतं मग?"

"तेल."

"तेल? स्विचमध्ये? कुठल्या शहाण्याने घातलं?"

"मी," तो म्हणाला.

फ्यूज उडायच्या बेतात होता, पण याच्या तोंडाकडे बघून का कोण जाणे, थांबला. "तुम्ही मशीनवाले म्हणजे…" एवढंच म्हणाला, आणि जाता जाता, "वहिनींना सांगा, गाडी मीच दुरुस्त केली म्हणून."

सगळं परत बसवलं तेव्हा चारला दहा मिनिटं होती. इंजिन तो दर आठवड्याला चालू करून ठेवायचा, म्हणून ते कुरकुर न करता लागलं. त्याने ते तापू दिलं. पंख्याला मात्र हात लावला नाही — पहिल्यांदा तिनेच लावावा असं त्याच्या मनात होतं, आणि शिवाय भीती. चकती मात्र फिरवून पाहिली, इंजिन लावायच्या आधीच, कोरडी. तेल गेलं होतं ना! चकती पुन्हा जड झाली होती, पहिल्या दिवसासारखी. त्याला अंगठा नि दोन बोटं दाबून फिरवावी लागली. तेलाची कुपी पेटीत होती, हाताच्या अंतरावर. त्याने पेटीचं झाकण लावून टाकलं.

ती आली. काठी उजव्या हातात, एक पाऊल, मग दुसरं त्याच्याशेजारी आणून ठेवलेलं. तो डाव्या बाजूचं दार उघडून उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं, आणि गाडीच्या नाकावरून वळसा घालून पलीकडे निघाली. आपल्या बाजूला. तिला वर चढायला बराच वेळ लागला. तो अलीकडून आत बसला, आपल्या नेहमीच्या जागी, आणि मांडीवर पेटी नाही म्हणून हातांचं काय करावं ते त्याला समजेना.

"कुठे जायचं नाही हं," ती म्हणाली. "नुसतं बसायचं."

"नुसतं बसू."

तिने स्टिअरिंगवर उजवा हात ठेवला. मग डावा हात मांडीवरून उचलला, तोच, अर्धवट मिटलेला, आणि चकतीपर्यंत नेला. बोटं चकतीवर पडली आणि घसरली. परत पडली. त्याचा हात आपोआप पुढे झाला. त्याने तो गुडघ्याखाली दाबून धरला. मध्ये जायचं नाही. मध्ये जायचं नाही. तिची करंगळी थरथरत होती, ओठ एका बाजूला ओढले गेले होते, आणि चकती अडली होती त्याच्या कोरड्या, स्वच्छ, तेल नसलेल्या पट्ट्यांवर. तिने खांद्यापासून जोर लावला.

खट्.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग जाळीतून सावकाश, मऊ, श्वासाएवढी ऊब.

"कुजबूज," ती म्हणाली. आणि हसली, एका बाजूने, पण अगदी पूर्वीसारखी. "अगंबाई! हिचा आवाजच विसरले होते मी."

त्याला वाटलं आता बोलू नये. तरी तो बोलला. "रेझिस्टर नव्हताच गेला. स्विचमध्ये तेल होतं. मी घातलेलं. माझ्यामुळेच बंद पडलं सगळं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तेलाचं." डावा हात जाळीसमोर धरून ती काचेतून अंगणाकडे बघत होती. "आठवड्याभरात… वास आला मला. पंखा लावला की गाडीभर तुमच्या मशीनचा वास. म्हटलं, झालं!"

"मग सहा वर्षं बोलली का नाहीस?"

शब्द तिला लवकर सापडेनात. त्याने वाट पाहिली.

"तुम्ही तेव्हा लगेच उठला होतात ना," ती म्हणाली. "मी सांगितल्याबरोबर. म्हटलं… कशाला."

म्हणजे माहीत असून पाच वर्षं ही आत्याच्या आवाजात ओरडून बोलत राहिली, हसत राहिली. माहीत असून 'जरा बघा ना' म्हणत राहिली. म्हणजे हिला माहीत असतं. माहीत असतं आणि ही बोलत नाही. मग खाटेवरून आधी डॉक्टरकडे आणि मग माझ्याकडे पाहून ही जे म्हणाली, ते… तळघराचा जिना, ओठांतले स्क्रू, सगळं त्याच्या घशाशी आलं.

तिने डावा हात जाळीसमोरून काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"अहो, हा हात जरा बघा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती अजून काचेतूनच बाहेर बघत होती; तोंडावर नेहमीचंच, काही न सांगणारं.

"गरम झालाय का सांगा," ती म्हणाली. "त्याला कळत नाही ना काही."

त्याने तो हात दोन्ही हातांत घेतला. तळव्यावर गिअरचा जुना घट्टा अजून होता, मऊ पडलेला. अंगठ्याचं नख त्यानेच परवा वेडंवाकडं कापलेलं. मनगटाच्या आत बारीक ठोका. बोटं टोकांना गार होती, मुळाशी नव्हती.

"काय? बघताय ना?"

"बघतोय," तो म्हणाला.

कोटाची बाजू वरखाली तशीच होती. अंगणात उन्हं उतरायला लागली होती, आणि कुंपणापलीकडे फ्यूज कुणावर तरी उडत होता. ती हात सोडवून घेत नव्हती. घशाशी आलेलं परत खाली गेलं नाही. पण अकरा महिने ते जसं टोचत होतं तसं आता टोचत नव्हतं, नुसतं बसून होतं, तिच्यासारखंच, कुठे जायचं नसल्यासारखं. इंजिन चालू होतं. चकती एकावर होती. आता तो बोलला असता, कितीही हळू, तरी तिला ऐकू गेलं असतं, एवढाच पंख्याचा आवाज होता.